न्हाणीघरातील मुंग्या आणि दाराबाहेरचा स्विच

दिवाळी सरली आणि थंडीने जोर धरला की माझ्या पाचोऱ्यातील दवाखान्याच्या गर्दीचे स्वरूप बदलते. आखडलेले गुडघे, जुना दमा, पाठीची उसण अशा तक्रारी घेऊन ज्येष्ठ मंडळी येऊ लागतात. औषध लिहून झाल्यावर मी सवयीने सांगतो, ‘‘अंघोळ गरम पाण्यानेच करा.’’ वर्षानुवर्षे हा सल्ला देत आलो. पण ते पाणी कशावर तापते, त्याचे बटण कोठे आहे आणि ते कोण लावते, हे मात्र मी कोणाला कधी विचारले नव्हते. एका आजींनी मला ते विचारायला शिकवले.

आजींनी पंचाहत्तरी ओलांडलेली, मधुमेह वीस वर्षांचा. जानेवारीतल्या एका सकाळी त्या आल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, ‘‘नळले हात लावा का मुंग्या येतस, डॉक्टर.’’ जुना मधुमेह आणि हाताला मुंग्या. माझे निदान त्यांचे वाक्य संपण्यापूर्वीच झाले होते. मज्जातंतूंचा दाह, दुसरे काय? मी त्यांच्या पायांची संवेदना तपासली, ती थोडी मंद होतीच. रक्तातील साखरेची तपासणी सांगितली आणि ‘बी-१२’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. आजींनी मान डोलावली आणि त्या निघून गेल्या.

दोन आठवड्यांनी त्यांच्या सूनबाई एकट्याच आल्या. ‘‘डॉक्टरसाहेब, सासूबाईंच्या गोळ्या चालू आहेत, पण आता मलाही मुंग्या येतात. तोच नळ, तीच वेळ.’’ सूनबाईंना मधुमेह नव्हता. त्या क्षणी मला आजींचे वाक्य नव्याने ऐकू आले. त्यातील पहिला शब्द ‘मुंग्या’ नव्हता, ‘नळ’ होता. मी रोग ऐकला, जागा ऐकली नाही.

त्याच दिवशी दुपारी वायरमन बोलावला गेला. त्याने जे दाखवले, ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. गिझरची कॉइल क्षारांच्या थराखाली तडकली होती आणि तिच्यातील वीज पाण्यात उतरत होती. गिझरच्या पिनला तीन टोके होती. पण भिंतीतील सॉकेटला अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. तिसरा दोष सर्वांत फसवा होता. बटण एकेरी होते आणि कधीकाळी तारांची अदलाबदल झाल्याने ते फेजऐवजी न्यूट्रल तोडत होते. म्हणजे बटण बंद केले की दिवा विझे, पाणी तापणे थांबे. पण गिझरमध्ये वीज तशीच उभी असे. आजी शिस्तीच्या, बटण बंद करूनच अंघोळीला बसत. त्यांची शिस्त त्यांना वाचवत नव्हती. पाण्यातून आणि पाइपातून येता येता वीज क्षीण होत होती, म्हणून केवळ मुंग्यांवर निभावले. तड आणखी वाढली असती, तर मला गोळ्या लिहिण्यासाठी नव्हे, मृत्यूचा दाखला देण्यासाठी बोलावणे आले असते.

ते बटणही न्हाणीघराच्या आतच, नळाच्या वर हातभर अंतरावर होते. आज लिहायचे आहे ते प्रामुख्याने या बटणाविषयी: ते कसे असावे आणि कोठे असावे.

ओले शरीर आणि वीज

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते. कोरडी, जाड त्वचा विजेला बराच अडथळा करते. तीच त्वचा साबणाच्या पाण्याने भिजली की हा अडथळा कित्येक पटींनी घटतो आणि सुमारे एक हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. मग साधा भागाकार उरतो: २३० भागिले १,००० म्हणजे ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलिअँपिअर.

या आकड्याचा अर्थ काय? सुमारे १ मिलिअँपिअरला मुंग्या जाणवतात. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेला नळ इच्छा असूनही सोडवत नाही. ३० मिलिअँपिअरला श्वासाच्या स्नायूंवर ताण येतो. ५० ते १०० मिलिअँपिअर वीज छातीतून गेली, तर हृदय नियमित आकुंचन सोडून नुसते थरथरू लागते आणि रक्ताभिसरण थांबते. नळाला हात आणि ओल्या फरशीवर पाय, अशा स्थितीत विजेचा मार्ग छातीतूनच जातो. वृद्धांची त्वचा पातळ असते, हृदयाची राखीव शक्ती कमी असते आणि झटक्याने तोल जाऊन पडल्यास खुब्याचे हाड मोडते ते वेगळेच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘‘आमच्याकडे एमसीबी आहे, शॉक बसला तर ती पडेल,’’ असे अनेकजण म्हणतात. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरहून अधिक भार आल्यावर किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडते. माणसाचा जीव घेणारी ०.२३ अँपिअर वीज तिच्या खिजगणतीतही नसते. एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे.

‘डीपी’ शेतातली आणि घरातली

आपल्या भागात ‘डीपी’ म्हटले की शेताच्या बांधावरचे रोहित्र डोळ्यांसमोर येते. विजेच्या दुकानात मात्र ‘डीपी स्विच’ मागितला की वेगळीच वस्तू मिळते. डीपी म्हणजे डबल पोल. साधे बटण दोन तारांपैकी एकच तार तोडते. डीपी स्विच फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच वेळी तोडतो. तारांची अदलाबदल झालेली असली, तरी हा स्विच बंद केल्यावर गिझरकडे जाणारा विजेचा मार्ग पूर्ण तुटतो. आजींच्या घरी तो असता, तर बटण बंद असताना मुंग्या आल्याच नसत्या.

स्विच घेताना त्याची क्षमता पाहावी. साठवणीचा गिझर बहुधा २ किलोवॉटचा असतो. तो सुमारे ९ अँपिअर वीज घेतो. झटपट पाणी देणारा छोटा गिझर बहुधा ३ किलोवॉटचा असतो. तो सुमारे १३ अँपिअर घेतो. त्यामुळे दिव्यापंख्याचे ६ अँपिअरचे बटण येथे चालत नाही. ते आतून तापते, काळे पडते आणि चिकटते. गिझरसाठी २० किंवा ३२ अँपिअरचा, आयएसआय चिन्ह असलेला डीपी स्विच घ्यावा. तार तांब्याची, किमान २.५ चौरस मिलिमीटरची असावी. अंतर लांब असेल किंवा गिझर ३ किलोवॉटचा असेल, तर ४ चौरस मिलिमीटरची अधिक चांगली. ही तार मीटरपेटीपासून गिझरपर्यंत स्वतंत्र असावी; तिच्यावरच धुलाई यंत्र किंवा पाण्याची मोटार जोडू नये.

स्विचमध्ये लाल दिवा असलेला प्रकार निवडावा. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांनाही तो दिवा लांबून दिसतो. मात्र दिवा विझला म्हणजे वीज नाही, असे समजू नये. दिवाच खराब झालेला असू शकतो. बटणाची स्थिती पाहण्याची सवय लावावी. बटण रुंद आणि दाबण्यास हलके असावे; सांधेवाताने वाकलेल्या बोटांना लहान, कडक बटण दाबता येत नाही. शेजारी चार बटणे असतील, तर याच्यावर मोठ्या अक्षरांत ‘गिझर’ असे लिहावे.

जागा कोणती?

इंग्लंडमध्ये मुलाकडे राहून आलेल्या मंडळींनी तेथील न्हाणीघरात छतावरून लोंबणारी दोरी पाहिली असेल. तेथे अनेक घरांत विजेचा शॉवर असतो. तो थंड पाणी वाहता वाहता तापवतो. म्हणून त्याला ३० ते ४५ अँपिअर इतकी प्रचंड वीज लागते. त्याचा दुहेरी स्विच छतावर बसवतात आणि खाली दोरी सोडतात. ओल्या हाताचा संबंध दोरीशी येतो, विजेशी येत नाही. (तेथील सार्वजनिक स्वच्छतागृहांत लाल दोरीही असते, ती मदतीच्या घंटेची. दिवा लावायला म्हणून ती ओढून अनेक आजोबांनी धावपळ उडवून दिली असेल!)

आपल्याकडे ही दोरीची पद्धत रुळलेली नाही. पण तिच्यामागचे तत्त्व तेच आहे. ओला हात आणि विजेचे बटण यांची भेट होऊ नये. आंतरराष्ट्रीय मानकानुसार, टबाशिवायच्या शॉवरच्या जागी पाणी येणाऱ्या बिंदूपासून आडवे १.२ मीटर आणि जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग ओला धरतात. त्यात साधा स्विच वा सॉकेट बसवत नाहीत. १.२ मीटर म्हणजे चार फूट. आपल्याकडचे न्हाणीघर अनेकदा चार बाय सहा फुटांचेच असते. म्हणजे आत सुरक्षित जागा उरतच नाही. शिवाय आपण बादली-तांब्याने अंघोळ करतो. पाणी चहूकडे उडते आणि वाफ कोंडते. तेव्हा उत्तर एकच: स्विच दाराबाहेर.

दाराबाहेर म्हणजे नेमका कोठे, हेही महत्त्वाचे आहे.

दार ज्या बाजूने उघडते, त्या कडीच्या बाजूला स्विच असावा. बिजागरीच्या बाजूला असला, तर उघडलेल्या दाराआड तो झाकला जातो आणि घाईच्या वेळी सापडत नाही.

जमिनीपासून ९० ते १२० सेंटिमीटर उंची ज्येष्ठांना सोयीची पडते. पाठीला बाक आलेल्या आजींना किंवा चाकाच्या खुर्चीतील आजोबांना हात वर ताणावा लागत नाही; मान मागे टाकून वर पाहिल्याने येणारी चक्करही टळते.

बाहेरच्या वॉश बेसिनचे पाणी उडेल, तेथे स्विच नको. जुन्या वाड्यांत व मळ्यातल्या घरांत न्हाणीघर मागच्या अंगणात असते. तेथे स्विच पावसाच्या माऱ्यापासून दूर, झाकण असलेल्या जलरोधक पेटीत बसवावा.

शक्य असल्यास लाल दिवा स्वयंपाकघरातून किंवा पलंगावरून दिसावा. विसराळूपणा सुरू झालेल्या व्यक्तीच्या घरात ही एक गोष्ट फार उपयोगी पडते. गिझर चालू राहिला, तर कोणाच्या तरी नजरेस येतो.

‘‘बाहेर बटण असले, तर नातवंडे ते दाबतील,’’ अशी हरकत एका आजोबांनी घेतली. दाबू देत. फार तर आजोबांना कोमट पाणी मिळेल. आत बटण असले, तर चुकीची किंमत याहून मोठी असते.

स्विचच्या मागचे पहारेकरी

चांगला स्विच योग्य जागी बसवला, तरी तो एकटा पुरेसा नाही. त्याच्या मागे आणखी दोन पहारेकरी हवेत.

पहिला आरसीसीबी. जुने लोक याला ईएलसीबी म्हणतात. घरात जाणारी आणि परत येणारी वीज तो सतत तोलत असतो. दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज कोठेतरी, कदाचित माणसाच्या शरीरातून, जमिनीत जात आहे असे मानून तो सेकंदाच्या लहानशा अंशात पुरवठा तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्यावा; १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा माणसासाठी उपयोगाचा नाही. त्यावर ‘टी’ अक्षराचे चाचणी बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. आरसीसीबी पडला पाहिजे. न पडल्यास तो बदलावा. हा उपकरणाचा रक्तदाब मोजण्यासारखा प्रकार आहे. मात्र एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना हात लागला, तर आरसीसीबी वाचवू शकत नाही, हेही लक्षात असावे.

पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडू लागला की कंटाळून ‘डायरेक्ट’ करून घेण्याची प्रथा आहे. ताप वारंवार येतो म्हणून थर्मामीटर फेकून देण्यासारखे हे आहे. तो पडतो, म्हणजे कोठेतरी वीज गळत आहे. गळती शोधावी.

दुसरा पहारेकरी अर्थिंग. गिझरच्या पत्र्यात उतरलेली वीज ज्या वाटेने जमिनीत निघून जाते, ती वाट. पूर्वी काहीजण अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाइपला जोडत. ही पद्धत तेव्हाही चुकीची होती. आता पाइप प्लास्टिकचे झाल्याने ती वाटच उरलेली नाही. अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा हवा. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. माती कोरडी झाली की अर्थिंग दुबळे होते. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालण्याची जुन्या वायरमनची शिकवण शास्त्राला धरून आहे.

ही कामे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावीत. काम झाल्यावर त्याला दोन गोष्टी करून दाखवण्यास सांगावे: स्विच बंद असताना गिझरच्या दोन्ही तारांत वीज नाही आणि चाचणी बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतो.

पाणी तापवण्याचे इतर मार्ग

माझ्या लहानपणी घरोघरी तांब्याचा बंब होता. त्याचा धूर डोळ्यांना झोंबे. पण त्यात वीज नव्हती. बंब गेला आणि पाण्यात बुडवायचा रॉड आला. वृद्धांच्या घरात मला सर्वाधिक भीती या रॉडची वाटते. पाणी तापले का हे पाहण्यासाठी बादलीत बोट घालण्याची सवय जुनी आहे आणि रॉड चालू असताना ती प्राणघातक ठरू शकते. रॉड वापरावाच लागला, तर बटण बंद करून पिन काढल्याखेरीज पाण्याला वा बादलीला स्पर्श करू नये. धातूची बादली तर वापरूच नये.

विजेला घाबरून काहीजण न्हाणीघरात गॅसचा गिझर लावतात. बंद जागेत त्याच्या ज्वाळेतून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. गॅस गिझर व सिलिंडर दोन्ही न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच असावेत.

गच्चीवरच्या सौर संचातही ढगाळ दिवसांसाठी विजेची कॉइल असते, हे अनेकांना ठाऊक नसते. तिलाही डीपी स्विच, अर्थिंग आणि आरसीसीबी लागू आहेत.

विजेच्या गिझरमध्ये ज्येष्ठांसाठी मी साठवणीचा, सुमारे १५ लिटरचा गिझर सुचवतो. २ किलोवॉटचा असा गिझर २० अंशांचे पाणी ५० अंशांपर्यंत साधारण पाव तासात तापवतो. मग स्विच बंद करावा आणि त्यानंतरच आत जावे. झटपट गिझर मात्र अंघोळ चालू असताना चालूच ठेवावा लागतो. तापमान ५० अंशांच्या वर ठेवू नये. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायांना ते कळतही नाही. आपल्या बोअरचे पाणी जड आहे. क्षारांचा थर कॉइल खातो. म्हणून दर थंडीपूर्वी गिझर उघडून साफ करून घ्यावा.

प्रसंग ओढवलाच तर

न्हाणीघरात कोणी चिकटलेले वा पडलेले दिसले, तर पहिली धाव माणसाकडे नव्हे, स्विचकडे घ्यावी. वाचवायला गेलेला दुसरा माणूस दगावण्याचा धोका येथेच असतो. दाराबाहेरचा स्विच या क्षणी आपली खरी किंमत सांगतो. तो नसेल, तर मीटरपेटीतील मुख्य स्विच बंद करावा. तेही शक्य नसेल, तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने माणसाला विजेपासून दूर करावे.

वीज तुटल्यावर हाक मारून पाहावे. प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ वर फोन करण्यास कोणाला तरी सांगून लगेच छातीदाब सुरू करावा: छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी, सुमारे ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. शॉक बसून माणूस सावध असला, तरी तो वृद्ध असेल, हृदयरोगी असेल, पेसमेकर असेल, क्षणभर शुद्ध हरपली असेल किंवा छातीत धडधड होत असेल, तर त्याच दिवशी ईसीजी काढावा. त्वचेवरचा डाग लहान दिसला, तरी आतील इजा मोठी असू शकते.

न्हाणीघराची कडी बाहेरून उघडता येईल अशी असावी, हेही येथेच सांगून ठेवतो. बंद दारापुढे उभ्या असलेल्या मुलाची असहायता मी पाहिली आहे.

या रविवारी करावयाच्या गोष्टी

१. गिझरचे बटण आत आहे की बाहेर, एकेरी आहे की दुहेरी, ते पाहावे.
२. मीटरपेटीत आरसीसीबी आहे का, त्यावर ३० मिलिअँपिअर लिहिले आहे का, ते पाहावे आणि चाचणी बटण दाबावे.
३. गिझरच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्यावे.
४. घरातील ज्येष्ठांना एक प्रश्न विचारावा: ‘‘नळाला, बादलीला किंवा गिझरला हात लावल्यावर कधी मुंग्या येतात का?’’

चौथा प्रश्न मी आता दवाखान्यातही विचारतो. हाताला मुंग्या येतात म्हणून कोणी आले की ‘केव्हापासून?’ याच्या आधी ‘कोठे?’ असे विचारतो. बहुतेकांचे उत्तर मधुमेहाकडे किंवा मानेच्या मणक्याकडेच जाते. पण तो प्रश्न विचारायला क्षणभरच लागतो.

आजींच्या घरी आता स्विच दाराबाहेर आहे, कडीच्या बाजूला, त्यांच्या खांद्याच्या उंचीवर. परवा त्या साखर तपासायला आल्या होत्या. मी मुंग्यांचे विचारले. पायांना अजून येतात, म्हणाल्या; हातांना नाहीत. पायांच्या मुंग्यांसाठीच्या गोळ्या मी चालू ठेवल्या आहेत.